यंत्राने यंत्र म्हणूनच बोलावे

अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये मांडलेली कसोटी नकलेची होती: लेखी संवादात समोर माणूस की यंत्र, हे परीक्षकाला ओळखता येते का? जोसेफ वायझेनबॉम यांची संवादी संगणकप्रणाली ‘एलायझा’ (१९६६) बोलणाऱ्याचीच वाक्ये प्रश्नरूपात परत करी. तरी लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागले, याने खुद्द वायझेनबॉम अस्वस्थ झाले. मुंबई महापालिकेची २०२२ ची व्हॉट्सअ‍ॅप सेवा मात्र माणसाचे सोंग घेत नाही. पर्याय दाखवते, निवडाल ती माहिती देते. असा संवाद रुक्ष वाटतो, हे खरेच. पण एखाद्या नागरिकाला दाखल्याची चौकशी करताना समोर यंत्र आहे हे ठाऊक असेल, तर उत्तर कार्यालयात पडताळून घ्यायचे भानही राहते. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून विक्रीसाठी किंवा मतांसाठी बॉटने (संवादी प्रणालीने) माणूस असल्याचे भासवून फसवणे बेकायदा आहे.