अंगभूत नावांचे आच्छादन : आज्ञावलीतील एक अलक्षित दोष

भूम अथवा कळंब येथील रहिवाशाने 'उद्या वाशीला जावयाचे आहे' असे म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात धाराशिव जिल्ह्यातील वाशी हे तालुक्याचे गाव येते. नवी मुंबईतील वाशी येत नाही. ती दूरची वाशी नाहीशी झालेली नसते. जवळच्या नावाने ती झाकली गेलेली असते, एवढेच. तिचाच निर्देश करावयाचा झाल्यास 'नवी मुंबईची वाशी' असे म्हणावे लागते. संगणकाच्या आज्ञावलीत नावांचा अर्थ लावण्याची रीत पुष्कळशी अशीच आहे. ती ध्यानात न घेतल्यास संशोधनाच्या गणितात कोणता दोष शिरतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पायथन भाषेत 'इफ', 'फॉर' यांसारखे शब्द राखीव आहेत. ते चलाला नाव म्हणून देता येत नाहीत. परंतु 'सम', 'मॅक्स', 'लिस्ट' ही अंगभूत नावे राखीव नाहीत. कोणत्याही नावाचा शोध प्रथम चालू फंक्शनच्या कक्षेत, नंतर त्यास वेढणाऱ्या फंक्शनच्या, मग संपूर्ण फाइलीच्या आणि सर्वांत शेवटी अंगभूत नावांच्या कक्षेत घेतला जातो. जेथे नाव प्रथम सापडते तेथेच शोध थांबतो. ही मोकळीक निष्कारण नाही. प्रत्येक अंगभूत नाव राखीव केले, तर भाषेत नव्या नावाची भर पडताच ते नाव वापरणाऱ्या जुन्या आज्ञावल्या निकामी होतील.

आता एक उदाहरण घेऊ. जिल्ह्यातील आठ तालुक्यांच्या पर्जन्यमानाची बेरीज करून विद्यार्थ्याने ती 'सम' या नावाच्या चलात ठेवली. पुढे दुसऱ्या वर्षाची बेरीज करण्यासाठी त्याने 'सम' हे फंक्शन वापरू पाहिले, तर त्या नावाखाली आता केवळ एक संख्या आहे. संख्येला फंक्शनप्रमाणे वापरता येत नाही, असा दोषसंदेश मिळतो. नोटबुक पद्धतीत ते नाव सत्र संपेपर्यंत टिकत असल्याने चूक एका ठिकाणी आणि दोषसंदेश दुसऱ्याच ठिकाणी, असा प्रकार घडतो. फंक्शनच्या आत 'मॅक्स' या चलात 'मॅक्स' फंक्शनचेच उत्तर साठवू गेल्यास तर पहिल्याच वेळी अडथळा येतो. कारण आत मूल्य दिलेले नाव त्या संपूर्ण फंक्शनपुरते स्थानिक मानले जाते.

तथापि जो दोष आज्ञावली थांबवितो, तो त्यातल्या त्यात बरा म्हणावा. खरा धोका मूक दोषाचा आहे. संख्याशास्त्रात रूढ असलेल्या आर भाषेत सत्य आणि असत्य दर्शविणारे पूर्ण शब्द राखीव आहेत. परंतु त्यांची 'टी' व 'एफ' ही एकाक्षरी रूपे साधी चले आहेत. संशोधकाने एफ-परीक्षेचे मूल्य, समजा ४.२, 'एफ' या चलात ठेवले. नंतर बेरीज करताना गहाळ नोंदी वगळू नयेत म्हणून त्याने त्या सूचनेपुढे 'एफ' लिहिले. शून्येतर संख्या सत्य मानली जात असल्याने गहाळ नोंदी वगळल्या जातात. नोंदी अपुऱ्या असल्याची जी सूचना उत्तरात मिळावयास हवी होती, तिच्या जागी एक सुबक बेरीज मिळते. दोषसंदेश नाही, शंकेला जागा नाही. चुकीचा आकडा प्रबंधाच्या तक्त्यात सुखाने जाऊन बसतो.

भाषा रचणाऱ्यांनाही या धोक्याची जाणीव आहे. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत सत्य-असत्याच्या नावांना नवे मूल्य देता येत असे. २००८ साली आलेल्या ३.० आवृत्तीत ती राखीव करण्यात आली.

उपाय अवघड नाहीत. आर भाषेत सत्य-असत्याचे पूर्ण शब्दच लिहावेत. चलाचे नाव त्यातील आशय सांगणारे असावे. 'सम' ऐवजी 'एकूण_पाऊस'. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावेही चालतात, आणि अशा नावाने अंगभूत नाव झाकले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. झाकलेले नाव 'डेल' या आज्ञेने आपले चल काढून टाकताच पुन्हा उपलब्ध होते. 'पायलिंट' सारखी तपासनीस साधने असे आच्छादन आधीच दाखवून देतात. मात्र साधन दोष दाखवील. नाव देण्याचा विवेक संशोधकाचाच असावा लागतो.