जामनेरच्या उन्हात लॅपटॉपची बॅटरी

आपले सरकार सेवा केंद्रात, कापसाच्या जिनिंगमधल्या हिशेबनिसाच्या टेबलावर, पुण्याच्या कंपनीचं काम गावातूनच करणाऱ्या इंजिनिअरच्या खोलीत, जामनेरमधले बरेच लॅपटॉप सकाळी चार्जिंगला लागतात ते संध्याकाळीच निघतात. दोन-तीन वर्षांत अशा लॅपटॉपची बॅटरी अर्ध्या तासावर येते. मग लाईट गेली की अर्धवट भरलेला अर्जही जातो आणि शेजारचा सांगतो, "सारखी वायर लावून ठेवता ना, म्हणून!" या म्हणण्यात खरं थोडं आहे आणि चुकीचं बरंच. चुकीचं आधी दूर करायला हवं, कारण बॅटरी वाचवायच्या नादात लोक तिचं आयुष्य आणखी कमी करतात.

"रात्रभर लावली तर जास्त चार्ज होऊन जळते"

लॅपटॉपमधली बॅटरी लिथियम-आयन असते. तिचा एकेक सेल साधारण ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. तिथे पोचल्यावर लॅपटॉपमधलं चार्जिंगचं सर्किट चार्जिंग थांबवतं आणि लॅपटॉप थेट अॅडॅप्टरवर चालू लागतो. बॅटरी आपोआप थोडी उतरली की पुन्हा थोडी भरली जाते, एवढंच. चांगल्या स्थितीतला लॅपटॉप आणि त्याचाच अॅडॅप्टर असेल, तर 'ओव्हरचार्ज'ची भीती बाळगायचं कारण नाही. बाजारातला स्वस्त, बिननावाचा अॅडॅप्टर मात्र घेऊ नये. तिथे धोका खरा असतो.

"पूर्ण उतरवायची, मगच लावायची"

हा सल्ला एकेकाळी बरोबर होता, फक्त वेगळ्या बॅटरीसाठी. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा भरल्या की त्यांची क्षमता घटल्यासारखी वाटे, म्हणून त्या अधूनमधून पूर्ण उतरवाव्या लागत. नवा लॅपटॉप घेताना "पहिल्यांदा आठ तास चार्ज करा" असं अजूनही सांगितलं जातं, तेही त्याच काळातलं.

दुसरी शिकवण घरातल्या इन्व्हर्टरची. त्याची लेड-अॅसिड बॅटरी उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट जमतं आणि ती निकामी होते. तिला भरलेलं ठेवणं आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालत राहणं हेच योग्य. लोडशेडिंगच्या वर्षांत खानदेशातल्या घराघरांनी हे शिकून घेतलं आणि मग तोच नियम लॅपटॉपलाही लावला. पण लिथियम बॅटरीचा स्वभाव निराळा आहे. तिला शून्यावर जाणं सोसत नाही आणि शंभरवर बसून राहणंही मानवत नाही. रोज मुद्दाम वायर काढून ती दहा टक्क्यांपर्यंत उतरवली आणि पुन्हा भरली, तर फुकटची झीज होते. वीस-तीस टक्क्यांची छोटी चढउतार तिला त्यापेक्षा कितीतरी सोपी जाते.

टक्केवारी चुकीची दिसू लागली, चाळीसवर असतानाच लॅपटॉप बंद पडू लागला, तर एखाद्या वेळी पूर्ण भरून आणि उतरवून पाहायला हरकत नाही. त्याने मोजणी सुधारू शकते. गेलेली क्षमता परत येत नाही.

"शंभर टक्के दिसतंय, म्हणजे बॅटरी ठणठणीत"

शंभर टक्के म्हणजे उरलेली क्षमता पूर्ण भरली, एवढंच; ती किती घटली ते त्यातून कळत नाही. शेजाऱ्याच्या म्हणण्यातला खरा भाग इथे आहे. बॅटरी भरते तेव्हा लिथियम एका बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतं आणि दुसऱ्या बाजूचं धातूचं ऑक्साइड चढ्या व्होल्टेजवर असतं. मधल्या द्रावणाशी दोन्ही बाजूंच्या नको त्या प्रक्रिया सतत हळूहळू चालू असतात. ग्रॅफाइटवर एक पातळ थर वाढत जातो, त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं, आणि तेवढी क्षमता गेली. बॅटरी पूर्ण भरलेली असताना हे वेगाने होतं. गरम असताना आणखी वेगाने. म्हणून 'सारखी वायर' हे झिजण्याचं अर्धंच कारण आहे. वायरीमुळे बॅटरी सतत शंभरवर राहते, आणि त्याच वेळी ती तापलेलीही असते.

कॅनडाच्या केडेक्स कंपनीच्या 'बॅटरी युनिव्हर्सिटी'ने दिलेले ढोबळ आकडे पाहा. ४० टक्के भरून २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवलेल्या लिथियम बॅटरीत सुमारे ९६ टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून ठेवली तर सुमारे ८०. तापमान ४० अंश असेल, तर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. प्रत्येक बॅटरीला ते तंतोतंत लागू होणार नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे.

आता हे जामनेरमध्ये आणून बघा. मार्च सरता सरता ऊन तापू लागतं आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी पंखासुद्धा गरम वारा फेकतो. चालू लॅपटॉपच्या आतली बॅटरी खोलीपेक्षा आणखी तापलेली असते. अॅपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंशांतच वापरायला सांगते. आपल्याकडे कित्येक दुपारी लॅपटॉप सुरू करण्याआधीच ती मर्यादा ओलांडलेली असते. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड खोल्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात आणि उष्णतेला ते एका वाक्यात उरकतात. खानदेशात तिला पहिलं स्थान द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

त्यामुळे लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये, कारण खालची हवेची वाट बंद होते. जिनिंगच्या आवारात पंख्याच्या जाळीत रुईचे तंतू आणि धूळ बसते. उन्हाळ्याआधी ती साफ करून घ्यावी. पत्र्याखालची जागा टाळता आली तर टाळावी. जड काम सकाळी उरकता आलं तर उत्तम. कूलरच्या समोर, पण ओल्या झोतापासून दूर बसावं. पूर्ण भरलेला लॅपटॉप बंद गाडीत उन्हात ठेवणं ही यातली सर्वांत वाईट सवय.

"ऐंशीवर थांबवली, तर लाईट गेल्यावर काय करणार?"

हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक कंपन्यांनी चार्जिंग मध्येच थांबवायची सोय दिलेली असते. लेनोव्होमध्ये ती 'कन्झर्वेशन मोड' या नावाने सापडेल, एसुसमध्ये 'बॅटरी हेल्थ चार्जिंग' म्हणून. एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये ती बायोसमधल्या 'बॅटरी हेल्थ मॅनेजर'मध्ये असते, डेलमध्ये कंपनीच्या पॉवरच्या सॉफ्टवेअरमध्ये. मर्यादा साधारण ८० टक्क्यांची, काही ठिकाणी ६०. ती एकदा लावली की वायर दिवसभर खुशाल राहू द्या.

शंभरवर चार तास चालणारा लॅपटॉप ऐंशीवर तीन तासांहून जास्त चालतो. रोजच्या लाईट जाण्या-येण्याला तेवढं पुरतं. शिवाय दोन वर्षांनीही तो तासभर टिकेल अशी शक्यता वाढते. मृगाच्या आधीची वादळं सुरू झाली, केळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे होऊ लागले, की तेवढ्या दिवसांसाठी मर्यादा काढून पूर्ण भरून घ्यावं. सोय नसलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये काम नसताना रात्री वायर काढून ठेवली तरी फरक पडतो.

काही जण जुन्या लॅपटॉपची बॅटरीच काढून ठेवतात. जिथे लाईटचा भरवसा नाही, तिथे तसं करणं म्हणजे चालू काम रोज पणाला लावणं. बॅटरी हाच लॅपटॉपचा यूपीएस आहे. लॅपटॉप काही महिने वापरायचाच नसेल, तर अर्ध्यावर भरून, बंद करून, घरातल्या गारव्याच्या जागी ठेवावा. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढल्यावर आत ओल धरते.

"थोडी फुगलीय, चालतंय तोवर चालू दे"

हे मात्र अजिबात चालू देऊ नये. टचपॅड वर आला, झाकण नीट मिटेना, खालचं कव्हर उचलल्यासारखं दिसलं, तर आत वायू साठलेला असतो. लॅपटॉप बंद करा, वायर काढा, पुन्हा चार्ज करू नका. फुगलेली बॅटरी टोचून हवा काढण्याचा प्रयोग कोणीही करू नये. ती पेटू शकते. भंगारातही देऊ नका. केंद्र सरकारच्या २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून ती कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातच द्यावी. त्यासाठी जळगावला जावं लागलं तर भर दुपारी निघू नका, आणि गाडीत ती काचेमागच्या उन्हात ठेवू नका.