रुखमाबाईंचा खटला आणि कलम 9

मार्च 1887. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी रुखमाबाईंना बजावलं: महिनाभरात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बावीस वर्षांच्या या बाईने तुरुंगाची तयारी दाखवली. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लागलं होतं खरं, पण त्या नांदायला कधी गेल्याच नव्हत्या. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या वाढल्या, शिकल्या, आणि 1885 मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने त्यांनी बालविवाहाविरुद्ध ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रंही लिहिली.

बायकोने नांदायला यावं म्हणून दादाजींनी दावा लावला 1884 मध्ये. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला होता. असला दावा विलायतेतून इथे आला, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, आणि अजाण वयात लग्न लावून दिलेल्या मुलीला बळजबरीने नवऱ्याकडे धाडणं क्रूरपणाचं आहे, असं त्यांचं म्हणणं. झालं, धर्म बुडाल्याची ओरड सुरू झाली. टिळकांची वृत्तपत्रंही त्या निकालाविरुद्ध उभी राहिली. धर्म म्हणून जे इतक्या त्वेषाने राखलं जात होतं, ते मुळात इंग्रजांच्या चर्च-न्यायालयांतलं! शिवाय त्यापायी होणारी कैद खुद्द इंग्लंडने 1884 मध्येच बंद केली होती.

अपिलात पिन्हे यांचा निकाल फिरला आणि खटला फॅरन यांच्यापुढे आला. तुरुंगाची वेळ मात्र आली नाही. 1888 मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रुखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी अनेक वर्षं रुग्णसेवा केली.

मुलींचं वय कायद्यात हळूहळू वाढत गेलं. कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने दगावली, तेव्हा कुठे 1891 मध्ये संमतिवय दहाचं बारा झालं. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं, 1978 मध्ये ते अठरा झालं. अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला मात्र 2017 उजाडलं. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के अठराच्या आत बोहल्यावर चढलेल्या निघाल्या.

वयाची चर्चा तरी झाली. दादाजींच्या दाव्याचं काय? कैदेची तरतूद 1923 मध्ये गेली, दावा राहिला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम 9 होऊन बसला. त्याच वर्षी रुखमाबाई वारल्या. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 1983 मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं, तर पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. आज नवरा-बायको दोघांनाही असा दावा लावता येतो, हे खरं. पण घर सोडून आलेल्या बाईविरुद्ध तो लागतो, तेव्हा तिने पोटगी मागू नये म्हणून टाकलेला तो डावही असू शकतो. इंग्लंडने हा दावा 1970 मध्ये मोडीत काढला. आपण तो अजून जपून ठेवावा असं त्यात काहीही नाही. संसदेने कलम 9 रद्द करावं.