पातळ नमुन्याची साक्ष

बंगळुरू येथे भारतीय हवाई दलाची विमानवैद्यकाची संस्था १९५७ सालापासून कार्य करीत आहे. उड्डाणाचा मानवी देहावर व मनावर काय परिणाम होतो, हा तिच्या अभ्यासाचा विषय होय. विमान कितीही निर्दोष असले, तरी ते चालविणाऱ्याचे चित्त सावध नसेल, तर शेकडो उतारूंचे प्राण धोक्यात येतात. म्हणूनच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक इत्यादींची मादक द्रव्यांसाठी चाचणी घेण्याचे नियम ३१ जानेवारी २०२२ पासून अमलात आणले. बंगळुरूचा केंपेगौडा विमानतळही त्यांच्या कक्षेत येतो.

ही चाचणी मूत्राच्या नमुन्यावर करतात. नमुन्यात द्रव्य ठराविक मर्यादेइतके वा त्याहून अधिक आढळले, तरच तो सदोष ठरतो, आणि त्यानंतरही अधिक अचूक पद्धतीने त्याची खात्री करून घ्यावी लागते. गांजाच्या अवशेषासाठी अमेरिकेच्या संघराज्य सरकारने प्राथमिक चाचणीची मर्यादा दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम ठेवली आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग. समजा, एखाद्याच्या मूत्रात हा अवशेष ८० नॅनोग्रॅम आहे. त्याने भरपूर पाणी पिऊन मूत्र दुप्पट पातळ केले, तर तोच आकडा ४० होतो आणि नमुना निर्दोष ठरतो! द्रव्य शरीरातून नाहीसे झालेले नसते. केवळ ते अधिक पाण्यात विखुरलेले असते.

ही गोष्ट ओळखावयाची कशी? येथे क्रिएटिनीन हे द्रव्य साह्यास येते. स्नायूंतील क्रिएटिनाच्या विघटनाने ते रोज जवळजवळ सारख्याच प्रमाणात तयार होते व मूत्रावाटे बाहेर पडते. दिवसाकाठी दीड ग्रॅम क्रिएटिनीन दीड लिटर मूत्रात उतरले, तर दर १०० मिलिलिटरमध्ये ते १०० मिलिग्रॅम भरेल. पाणी वाढले की हा आकडा खाली येतो. अल्कयुक्त पिक्रिक आम्लाशी त्याचा संयोग होऊन नारिंगी-तांबडा रंग येतो, हे माक्स याफे यांनी १८८६ साली दाखविले.

अमेरिकी नियमांप्रमाणे हे प्रमाण २ मिलिग्रॅम वा अधिक, परंतु २० हून कमी, आणि विशिष्ट गुरुत्व १.००१० व १.००३० यांच्या दरम्यान असल्यास नमुना ‘पातळ’ समजतात. क्रिएटिनीन २ मिलिग्रॅमहूनही कमी आणि विशिष्ट गुरुत्व १.००१० किंवा त्याखाली असेल, तर ते मानवी मूत्रच नव्हे, असा निष्कर्ष निघतो. ताज्या नमुन्याची उष्णता चार मिनिटांच्या आत मोजतात. ती ३२ ते ३८ अंश सेल्सियस असावी लागते.

परंतु पातळ नमुना म्हणजे अपराधाचा पुरावा नव्हे. उन्हाळ्यात पुष्कळ पाणी पिणारा, मूत्रल औषध घेणारा, किंवा मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्ती घटविणारा विकार जडलेला मनुष्य सर्वस्वी निर्दोष असूनही असाच नमुना देईल. ज्याचे स्नायू कृश आहेत, त्याचे क्रिएटिनीन मुळातच कमी असते. उलटपक्षी, पातळ नमुन्यातही द्रव्य मर्यादेपलीकडे आढळले, तर तो पातळ आहे या सबबीवर दोष टळत नाही.

एका बाजूस प्रवाशांचे प्राण आणि दुसऱ्या बाजूस कर्मचाऱ्याची उपजीविका व अब्रू असताना, पातळ नमुन्याची साक्ष जेवढी आहे तेवढीच मानली पाहिजे. “या मूत्रात पाणी फार आहे,” एवढेच तो सांगतो. पाण्याचे कारण तो सांगत नाही. ते वैद्याने विचारावयाचे, आणि गरज वाटल्यास दुसरा नमुना घ्यावयाचा.