शिंदीखाना

बिलोली, देगलूर, धर्माबादकडे ओढ्याकाठी शिंदीचं झाड दिसलं, की त्याचं खोड नीट पाहावं. रस काढलेलं झाड सरळ वाढत नाही. एका हंगामात एका बाजूला खाच घालतात, पुढच्या हंगामात समोरच्या बाजूला. त्यानं खोड नागमोडी होतं आणि खाचा मोजल्या, की झाड किती वर्षं छेदलं गेलं ते कळतं.

या खाचांवर नांदेडच्या सीमाभागातले शिंदीखाने चालले. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, ती नीरा. मडक्याला आतून चुना लावला नाही, तर ऊन चढताच ती आंबते आणि फेसाळ शिंदी होते. दुसऱ्या दिवशी ती आंबट ढाण. दूरवर न्यायची सोयच नव्हती, म्हणून शिंदीखाना झाडांच्या आसपासच, गावाच्या कडेला असे. दिवसभर राबलेला मजूर तिथे टेकायचा. उद्या कुणाच्या रानात काम आहे, बाजारात बैलाला काय भाव निघाला, हे तिथेच कळायचं. मराठीत, तेलुगूत, दखनीत. ज्याला चावडीवर बसायला जागा नव्हती, त्याला इथे होती, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच जागी त्याची मजुरी विरघळायची, हेही तितकंच खरं.

त्या मजुरीचा वाटा थेट निजामाच्या खजिन्यात जाई. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथे आबकारी हे उत्पन्नाचं मोठं खातं होतं. म्हणूनच 1947 साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा निजामाविरुद्धचा लढा पेटला, तेव्हा सत्याग्रही कुऱ्हाडी घेऊन शिंदीच्या बनांत शिरले. गावोगाव झाडं आडवी झाली. सरकारचं उत्पन्न तोडण्याचा याहून सरळ मार्ग खेड्यातल्या माणसाच्या हाती नव्हता. तरी झाडावर चढून पोट भरणाऱ्याचं उत्पन्नही त्यात गेलं, याची नोंद मुक्तिसंग्रामाच्या गौरवात ठळकपणे यायला हवी.

1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. तिथे दारूबंदीचा कायदा 1949 पासूनच होता. पलीकडे तेलंगणात मात्र झाडावर चढून रस काढणाऱ्या गौड समाजाचा कल्लूचा, म्हणजे ताडी-शिंदीचा, धंदा गावजीवनाचा भाग राहिला. धर्माबादहून तेलंगणातलं बासर हाकेच्या अंतरावर. तहान सीमा पाहत नाही. झाडं घटली, गिऱ्हाईक राहिलं, आणि त्या फटीत क्लोरल हायड्रेट शिरलं. या गुंगीच्या औषधाची पूड पाण्यात कालवून शिंदी म्हणून विकली जाते. पिणाऱ्याला तिची सवय जडते, आणि ती एकाएकी तुटली की झटके येतात, भ्रम होतो. त्या पेल्यात झाडाचा थेंबही नसतो.