तंबूतला प्रेक्षक कुठे गेला?

सिनेमाला होणारी गर्दी चित्रपटाच्या गुणावर ठरते, असा समज आहे. खेड्यापाड्यांचा हिशेब मात्र वेगळे सांगतो. थिएटर किती लांब, तिकीट केवढ्याचे आणि हातात पैसा केव्हा येतो, यांवर तिथली गर्दी जास्त ठरते. खान्देशात, धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याच्या परिसरात हे स्पष्ट दिसते. सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग इथे एकमेकांना भेटतात. रेल्वेने अमळनेर किंवा दोंडाईचा, रस्त्याने धुळे किंवा शिरपूर. मोठ्या पडद्यावरचा सिनेमा पाहायचा तर यांपैकी एक वाट धरावी लागे, नाहीतर सिनेमानेच गावाकडे यावे लागे.

पूर्वी सिनेमाच येत असे. मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ला पहिला खेळ झाला, १९१३मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पण खेड्यातल्या माणसासाठी खरा बदल १९३१नंतर बोलपटांनी घडवला. मूकपटात मधूनमधून येणाऱ्या पाट्या वाचाव्या लागत. बोलपटाला अक्षरओळख लागत नव्हती. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. त्यातला विठ्ठल प्रेक्षकांच्या घरातलाच होता.

फिरत्या टॉकीजचा हंगाम शेतीच्या पाठोपाठ चाले. कापूस विकला गेला, पुढे दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, घरात आली की लोकांच्या हाती चार पैसे खुळखुळत आणि यात्रा सुरू होत: दत्तजयंतीला सारंगखेडा, चैत्रात धुळ्याची एकवीरा देवी, वैशाखात अमळनेरचे सखाराम महाराज. अशा यात्रांत तमाशाच्या राहुट्यांशेजारी सिनेमाचा तंबू लागे. ट्रकवर प्रोजेक्टर, बाजूला धडधडणारे जनरेटर, खाली सतरंजी नाहीतर नुसती माती. प्रोजेक्टर एकच असला तर रीळ बदलताना खेळ थांबे आणि तेवढ्यात शेंगावाला आत फिरून जाई. काही तंबूंत पडदा मधोमध असे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. उलट्या बाजूने पाहणाऱ्यांना नायक डावखुरा दिसे, पण त्याची तक्रार कोणी करत नसे. पाऊस आला की तंबू उठे आणि सहा महिने सिनेमा बंद.

तालुक्याच्या गावी पक्की थिएटरे झाली तसा प्रेक्षक बारमाही झाला. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन आणि चित्रपट वितरणाचेही केंद्र. रिळांच्या पेट्या तिथून फिरत. मुंबईत लागलेला चित्रपट लहान गावी पोचायला महिने लागत आणि येताना फिल्मवर ओरखडेही घेऊन येई. या उशिराचा एक फायदा होता. चित्रपटाचे नाव आधीच कानावर गेलेले असे आणि लोक वाट पाहत असत. १९७५मध्ये ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा बैलगाड्या जोडून आलेल्या बाया चपला बाहेर काढून थिएटरात बसत. त्याच दशकात दादा कोंडके यांच्या चित्रपटांनी शेतकरी-मजूर प्रेक्षक बांधून ठेवला. धुळ्याच्या दक्षिणेला, आग्रा रोडवरच्या मालेगावात यंत्रमागाची सुट्टी शुक्रवारी. म्हणून तिथे शुक्रवार हा नव्या चित्रपटाचा आणि कामगाराच्या विरंगुळ्याचा एकच दिवस ठरला.

गळती दूरदर्शनपासून सुरू झाली. ब्रिटनमध्ये ही घसरण फार आधी झाली होती. तिथे १९४६मध्ये वर्षभरात १६३.५ कोटी तिकिटे विकली गेली. १९८४मध्ये हा आकडा ५.४ कोटींवर आला. भारतात टीव्ही उशिरा पसरला, म्हणून घसरणही उशिरा आली. १९८७मध्ये ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. भाड्याने टीव्ही-व्हिडिओ आणून गल्लीभर लोक एका रात्रीत तीन-तीन चित्रपट पाहू लागले. यात थिएटरने सर्वांत आधी गमावला तो बायकांचा वर्ग, आणि हे नुकसान फार मोठे होते, कारण बाई आली की घर येते. १९९१च्या ‘माहेरची साडी’ने तो वर्ग परत ओढून आणला, पण कायमचा नाही. व्हिडिओने घेतले तसे दिलेही: मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २०००मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला आणि प्रेक्षकच निर्माता झाला.

पुढचा बदल तंत्राचा आणि दराचा. दिल्लीत १९९७मध्ये पहिला मल्टिप्लेक्स उघडला. महाराष्ट्रात २००१पासून करमणूक करात सवलत मिळाली आणि शहरांत ते झपाट्याने वाढले. तिथले तिकीट मजुराच्या आवाक्यातले नव्हते. मग डिजिटल प्रक्षेपण आले. मुंबईत लागलेला चित्रपट त्याच शुक्रवारी तालुक्यातही लागू शकला, पण पंचवीस आठवड्यांचा मुक्काम दोन आठवड्यांवर आला. रिळे छापणेच थांबल्याने तंबूवाल्यांचे प्रोजेक्टर निकामी झाले. महाराष्ट्रातल्या या शेवटच्या फिरत्या टॉकीजवर २०१६मध्ये ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट झाला. त्याच वर्षी ‘सैराट’साठी गावोगावची माणसे गाड्या करून थिएटर गाठत होती. ओढ संपली नव्हती, पण वर्षाला असे किती चित्रपट येणार?

मार्च २०२०मध्ये कोविडने पडदे बंद केले. राज्यात थिएटरे मधे काही महिने निम्म्या क्षमतेने उघडली, पुन्हा मिटली आणि ऑक्टोबर २०२१मध्ये परत उघडली. ‘ऑरमॅक्स मीडिया’च्या अंदाजानुसार देशात २०१९मध्ये सुमारे १०३ कोटी तिकिटे विकली गेली होती, २०२४मध्ये ती ८८ कोटींच्या आसपास होती. म्हणजे माणशी वर्षाला एक तिकीटही नाही.

खान्देशातला प्रेक्षक या काळात मोबाइलकडे वळला. मालेगाव-खान्देशातल्या ‘छोटू दादा’च्या विनोदी फिती आणि ‘हाई झुमका वाली पोर’सारखी अहिराणी गाणी यूट्यूबवर अफाट पाहिली गेली. मोठ्या पडद्याने अहिराणीला क्वचितच जागा दिली होती. आता ती भाषा शेताच्या बांधावर आणि एसटीच्या सीटवर ऐकू येते. मात्र पाहणारा एकटा असतो, आणि तिकीट नसल्यामुळे थिएटरच्या हिशेबात तो कुठेच धरला जात नाही.