अरण्याचा जमाखर्च

वृक्षतोडीचा हिशेब लाकडाच्या घनफुटांत मांडला जातो. तो किती अपुरा आहे, हे अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रूक अरण्यात लायकेन्स व बोरमन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९६५ च्या अखेरीस तेथील एका ओढ्याच्या पाणलोटातील सर्व झाडे तोडून जागीच ठेवण्यात आली. पुढे तणनाशके फवारून नवी वाढही रोखण्यात आली. मातीतील जिवाणू पालापाचोळ्यातील नत्राचे नायट्रेट करीतच राहिले. ते शोषणारी मुळे मात्र उरली नव्हती. दुसऱ्या वर्षी ओढ्यातील नायट्रेटचे प्रमाण ५६ पट झाले. एकही ओंडका बाहेर गेला नाही, तरी मातीचा कस वाहून गेला. तोडलेल्या झाडांची संख्या नव्या रोपांनी भरून निघेल. हा कस कोणत्या खात्यातून भरणार?